मुंबई ‘ब’ केंद्र, म्हणजेच अस्मिता वाहिनी : मध्यम लहरींवरून ती मागे का पडली आणि आपल्याकडे तिचे काय उरले?

नौपाडेकर

हा धागा प्रामुख्याने ठाणे आणि नवी मुंबईतील सभासदांसाठी काढत आहे, परंतु कोकणातील व घाटावरील श्रोत्यांनीही अवश्य लिहावे.

आकाशवाणीचे मुंबई ‘ब’ केंद्र, जे पुढे अस्मिता वाहिनी या नावाने ओळखले जाऊ लागले, ते मध्यम लहरींवर (मीडियम वेव्हवर) ५५८ किलोहर्ट्झवर लागत असे. त्याच्या शेजारी १०४४ वर मुंबई ‘अ’ आणि ११८८ वर विविध भारती. आमच्या पिढीतील अनेकांना हे तीन आकडे घराच्या पत्त्यासारखे पाठ आहेत. ‘वनिता मंडळ’, ‘कामगार सभा’, ‘गंमत जंमत’, ‘आपली आवड’, संध्याकाळच्या प्रादेशिक बातम्या आणि ‘पुन्हा प्रपंच’ यांवर ठाण्यातील कित्येक घरांचे दिवसाचे वेळापत्रक बसवलेले असे.

या वाहिनीचा श्रोता का कमी झाला, या प्रश्नाला नेहमी एकच उत्तर दिले जाते : आधी दूरदर्शन आले, मग एफएम आले, मग मोबाइल आला आणि लोकांची आवड बदलली. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यानंतरही दीर्घकाळ सकाळी स्वयंपाकघरात रेडिओच चालू असे, कारण हात कामात असताना डोळे मोकळे नसतात. माझे मत असे आहे की श्रोत्यांनी ही वाहिनी सोडली नाही. ती ऐकण्याची सोय त्यांच्या हातून गेली. एफएमची लाट आली त्या वर्षांत मुंबईत आकाशवाणीच्या इतर सेवांना एफएमवर जागा मिळाली, विविध भारतीही पुढे १०२.८ वर आली, आणि मराठी भाषकांची मुख्य वाहिनी मात्र मध्यम लहरींवरच राहिली. खिशातल्या ज्या उपकरणावर लोक रेडिओ ऐकू लागले, त्यावर मध्यम लहरींचा बँडच नव्हता.

माझे दोन प्रश्न आहेत. तुमच्या घरी ही वाहिनी ऐकणे केव्हा आणि नेमके कशामुळे थांबले? आणि तिचा वारसा म्हणून आज आपण कशाकडे बोट दाखवू शकतो?

खाडीकाठ

आमच्याकडे जुना संच बिघडला, नवा आणला तो केवळ एफएमचा होता, आणि त्या दिवसापासून अस्मिता थांबली. घरात कोणी तसे ठरवले नव्हते.

वाशीकरीण

नौपाडेकर, या विषयावर धागा काढल्याबद्दल मनापासून आभार.

आम्ही वाशीत राहायला आलो तेव्हा सिडकोच्या वसाहती नव्या होत्या. इमारती उभ्या होत्या, पण त्यांच्यात ओळखीचे कोणी नव्हते. दादर किंवा गिरगावातून आलेल्या बायकांना सर्वांत जास्त जाणवे ती दुपारची शांतता. खाली दुकाने तुरळक, मंडळ नाही, देवळातले कीर्तन नाही. अशा वेळी ‘वनिता मंडळ’ लागले की समोरच्या घरातूनही तोच आवाज येतो आहे हे कळे, आणि कार्यक्रमात सांगितलेली पाककृती किंवा एखाद्या डॉक्टरांचे भाषण हे जिन्यात बोलायला पुरेसे निमित्त होई. आमच्या मजल्यावरच्या कितीतरी ओळखी अशा झाल्या.

एक गोष्ट मात्र मुद्दाम नोंदवते. त्या कार्यक्रमाने आम्हाला ग्राहक म्हणून कधी संबोधले नाही. बाळाच्या लसी, बँकेत खाते कसे उघडावे, वारसाहक्काचा कायदा काय सांगतो, एखाद्या कवयित्रीची मुलाखत, हे सारे त्यात एकाच वेळी असे आणि ऐकणारी बाई समजूतदार आहे असे गृहीत धरून असे. नंतर जे खासगी रेडिओ आले त्यात गाणी भरपूर होती, निवेदक चटपटीत होते, पण माझ्याशी अशा रीतीने बोलणारे कोणी नव्हते. ऐकणे का थांबले याचे माझे उत्तर खाडीकाठ यांच्यासारखेच आहे, त्यात खरखरीची भर घालते. घरात नवे दिवे आणि चार्जर आले तसा रेडिओ खिडकीकडे सरकत गेला, आणि शेवटी खिडकीतही ऐकू येईना.

लहर_अभियंता

वाशीकरीण यांनी सांगितलेली खरखर हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझे काम प्रक्षेपण क्षेत्राशी संबंधित होते.

मध्यम लहरींवर ध्वनी पाठवताना वाहक लहरीची, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या लहरीची, उंची आवाजानुसार कमीजास्त केली जाते. विजेची ठिणगी, स्विच, मोटार यांमुळे निर्माण होणारा उपद्रवही लहरीच्या उंचीतच बदल घडवतो, त्यामुळे संचाला आवाज कोणता आणि उपद्रव कोणता हे वेगळे करता येत नाही. एफएममध्ये माहिती लहरीच्या वारंवारतेत असते, म्हणून हा त्रास तिथे फारसा होत नाही. पूर्वी घरात उपद्रव करणारी साधने मोजकी होती : मिक्सर, फ्लुरोसंट नळी, शेजारचे शिलाई यंत्र. आता एलईडी दिव्यातील छोटा वीजपुरवठा, मोबाइलचा चार्जर, इंटरनेटच्या डब्याचा अडॅप्टर, इन्व्हर्टर, लिफ्टची आधुनिक चालक यंत्रणा, हे सर्व दर सेकंदाला हजारो वेळा वीज जोडतात आणि तोडतात. त्यांचा उपद्रव नेमका मध्यम लहरींच्या पट्ट्यात पसरतो. शिवाय आपण लोखंडी सळ्यांच्या जाळीने भरलेल्या काँक्रीटच्या इमारतींत राहतो. शेकडो मीटर लांबीची लहर या जाळीतून आत येताना क्षीण होते. म्हणजे बाहेरून येणारा संकेत कमी आणि आतला गोंगाट जास्त, अशी ही दुहेरी कोंडी आहे.

खरे तर ठाणे आणि नवी मुंबई हे मध्यम लहरींसाठी उत्तम प्रदेश आहेत. मुंबईचे मोठे प्रक्षेपक मालाडच्या मालवणी भागात समुद्रालगत उभारलेले होते. ५५८ आणि १०४४ यांचे प्रक्षेपक १०० किलोवॉट क्षमतेचे होते. दिवसा ही लहर जमिनीच्या अंगाने प्रवास करते, आणि खारे पाणी, दलदल व मिठागरे तिला कोरड्या खडकापेक्षा कितीतरी चांगली वाट देतात. त्यामुळे खाडीच्या दोन्ही काठांवर संकेत भरपूर पोहोचत असे. आकडा जितका लहान तितकी लहर लांब आणि जमिनीवरचा पल्ला मोठा. ५५८ किलोहर्ट्झची लहर सुमारे ५३८ मीटर लांब असते, एफएमची जेमतेम ३ मीटर. म्हणून एफएमला डोंगर आडवा येतो, मध्यम लहर डोंगराला वळसा घालून पलीकडे जाते. रात्री वातावरणाच्या वरच्या भागातील शोषून घेणारा थर नाहीसा होतो आणि लहरी आकाशातून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. जुन्या श्रोत्यांना रात्री दूरदूरची केंद्रे लागत, त्याचे कारण हेच.

मोबाइलमध्ये हा बँड का नव्हता, याचेही उत्तर तांत्रिकच आहे. मध्यम लहरी पकडायला फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कांडीवर गुंडाळलेले तारेचे वेटोळे लागते. एफएमला इअरफोनची वायर एरियल म्हणून पुरते. फोनच्या आतला गोंगाट पाहता तिथे फेराइटची कांडी बसवूनही उपयोग झाला नसता.

वागळे_इस्टेट

लहर_अभियंता यांचे विवेचन उत्कृष्ट आहे, परंतु मला वेगळे सांगायचे आहे.

माझे वडील वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात होते आणि आमच्या चाळीत ‘कामगार सभा’ ऐकली जात असे. नाव कामगारांचे, पण त्यातील मराठी गाण्यांसाठी सगळेच ऐकत. पोवाडा, लोकगीत, भावगीत आणि त्यांच्या जोडीला भविष्य निर्वाह निधी, अपघात भरपाई, बोनस यांबद्दलची माहिती. पाळी संपवून आलेला माणूस जेवताना ती ऐके. हा कार्यक्रम ज्यांच्यासाठी होता त्यांचे दिवसाचे चक्र कारखान्याच्या भोंग्यावर चाले. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईत गिरणी संप सुरू झाला, आणि पुढच्या वर्षांत ठाण्यात व ठाणे-बेलापूर पट्ट्यातही अनेक कारखाने बंद झाले किंवा दुसरीकडे गेले. त्यांच्या जागी निवासी संकुले आणि कार्यालये आली. ठरलेल्या वेळी घरी असणारा, ठरलेल्या वेळी जेवणारा श्रोताच उरला नाही. एफएमवर जागा मिळाली असती तरी त्या वेळेला रेडिओ लावायला घरात कोण होते?

कळवेकर

नौपाडेकर यांच्याशी मी पूर्ण असहमत आहे. दोष लहरींचा नाही, आशयाचा आहे.

ज्या काळाला आपण वैभवाचा काळ म्हणतो, त्या काळात मुंबई केंद्रावर कोण काम करत होते ते पाहा. मंगेश पाडगावकर, यशवंत देव, श्रीनिवास खळे, काही काळ चिं. त्र्यं. खानोलकर. कवी आणि संगीतकार तिथे नोकरीत होते, पाहुणे म्हणून नव्हे. नवे भावगीत लिहिले जाई, त्याला तिथेच चाल लागे, तिथेच मुद्रित होई आणि ते महाराष्ट्रभर पोहोचे. ‘भावसरगम’सारखा उपक्रम त्यातून उभा राहिला. ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकेत प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांनी पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी असे उभे केले की लोकांना ती माणसे आपल्या शेजारची वाटत. रेशन, पाणी, बसची रांग, असा त्या त्या आठवड्याचा विषय त्यात येई.

पुढे अशी माणसे निवृत्त झाली आणि त्यांच्या जागा त्याच तोलामोलाने भरल्या गेल्या नाहीत. कामाचा मोठा भार नैमित्तिक उद्घोषकांवर आला. त्यांनी निष्ठेने काम केले, याबद्दल मला आदरच आहे, पण महिन्यातून ठरावीक पाळ्या मिळणाऱ्या माणसाकडून नवी मालिका उभी करण्याची अपेक्षा कशी ठेवणार? मग जुनी ध्वनिमुद्रणे पुन्हा पुन्हा लागू लागली. खरखर होती म्हणून लोक गेले, हे मला मान्य नाही. लघुलहरींवर रेडिओ सिलोन ऐकताना आवाज सतत येत-जात असे, तरी देशभरचे लोक कान लावून बसत.

नौपाडेकर

कळवेकर, रेडिओ सिलोनचे तुमचे उदाहरण महत्त्वाचे आहे, पण त्यातून माझाच मुद्दा पुढे जातो असे मला वाटते. आकाशवाणीने १९५२च्या सुमारास चित्रपटगीतांबाबत हात आखडता घेतला म्हणून श्रोते सिलोनकडे वळले, आणि त्याला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. श्रोता जातो आहे हे दिसल्यावर संस्थेने नवी सेवा उभी केली, प्रक्षेपक दिले, १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई-पुणे-नागपूर येथून जाहिरातीही घेतल्या. इतके मनावर घेणे अस्मितेच्या वाट्याला आले नाही. नव्या लेखक-निर्मात्यांची नेमणूक आणि एफएमवरची जागा या दोन गोष्टी एकाच निर्णयाच्या दोन बाजू आहेत : आपण या वाहिनीला भविष्य आहे असे मानतो की नाही.

वागळे_इस्टेट यांचा मुद्दा मला अधिक अस्वस्थ करणारा वाटतो आणि त्याला माझ्याकडे खोडून काढणारे उत्तर नाही. श्रोत्यांचा जीवनक्रम बदलला हे खरे आहे. तरीही लोकलमध्ये आणि रिक्षात ऐकणारे लोक त्याच वर्षांत कितीतरी वाढले, आणि ते सगळे एफएमवर होते.

दिवाळे_गावचा

इथे सर्व चर्चा इमारतींतल्या श्रोत्यांची चालली आहे म्हणून आमच्या बाजूचे लिहितो. बेलापूरजवळच्या आमच्या कोळीवाड्यात रेडिओ हे कामाचे साधन होते. हवामानाचे निवेदन, समुद्र खवळण्याचा इशारा, बंदरात कितव्या नंबरचा बावटा लावला आहे, हे ऐकून होडी काढायची की नाही ते ठरे. खाडीत आणि बाहेर समुद्रात मध्यम लहर स्वच्छ लागे, कारण पाण्यावर ना लिफ्ट ना एलईडी. लहर_अभियंता यांनी खाऱ्या पाण्याबद्दल सांगितले ते आमचे आजोबा न शिकता जाणत होते. होडीत आवाज मोठा येतो, घरात लहान, असे ते म्हणत.

दुसरी गोष्ट गाण्यांची. कोळीगीते आणि आगरी समाजाची लग्नातील धवलगीते आमच्या घरांत होतीच, पण ती रेडिओवर लागली तेव्हा आमच्या बोलीला शहरात मान मिळाला, ही जाणीव मोठी होती. नवी मुंबई आमच्या जमिनीवर उभी राहत असताना आमचा आवाज ज्या थोड्या ठिकाणी ऐकू येत होता, त्यात हे केंद्र होते. वारसा काय, असे विचारले आहे. माझ्या दृष्टीने हा वारसा आहे.

खाडीकाठ

दिवाळे_गावचा यांचा प्रतिसाद या धाग्यातील सर्वांत मोलाचा आहे.

घणसोली_सेक्टर

मध्यम लहरींचेच डिजिटल रूप आले आहे, त्याला डीआरएम म्हणतात, असे वाचले होते. त्याने हा प्रश्न सुटत नाही का?

लहर_अभियंता

तंत्र म्हणून डीआरएम चांगले आहे. त्याच पट्ट्यात, कमी विजेत, एफएमच्या जवळ जाणारा आवाज मिळतो आणि एका प्रक्षेपकावरून एकाहून अधिक कार्यक्रम पाठवता येतात. आपल्या देशात पस्तीसच्या आसपास मध्यम लहरी प्रक्षेपक या पद्धतीला अनुकूल केले गेले. अडचण संचाची आहे. काही मोटारींत डीआरएम संच येतात, पण स्वयंपाकघरात ठेवण्याजोगा, सामान्य कुटुंबाला परवडणारा संच बाजारात सहज मिळाला नाही. साध्या ट्रान्झिस्टरवर डीआरएम लावले तर केवळ सूं असा आवाज येतो. प्रक्षेपक आधी आणि संच मागून, असा क्रम ठेवला की श्रोता मधल्या मध्ये हरवतो. साठच्या दशकात उलटे घडले होते. स्वस्त ट्रान्झिस्टर घरोघर गेले म्हणून केंद्रांचा श्रोता वाढला.

अलिबाग_मार्गे

मी नोकरीमुळे नेरुळला राहतो, मूळचा रायगडचा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. वीज गेली, मोबाइलचे मनोरे बंद पडले आणि कित्येक गावांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. घरच्यांशी बोलणे होईपर्यंतचा काळ आम्ही कसा काढला ते सांगण्याची गरज नाही. ज्या घरात पेन्सिल सेलवर चालणारा जुना संच होता, तिथे निदान बातम्या कळत होत्या.

२६ जुलै २००५च्या पुरातही ठाणे-कल्याण पट्ट्यात वीज नव्हती आणि फोन लागत नव्हते. अशा वेळी एका दूरच्या मनोऱ्यावरून डोंगरापलीकडे पोहोचणारी आणि सेलवर चालणाऱ्या साध्या संचावर लागणारी सेवा किती मोलाची असते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना पटवून द्यावे लागत नाही. १०० किलोवॉटचा प्रक्षेपक चालवायला वीज फार लागते, खर्च होतो, हे मी समजू शकतो. परंतु त्या खर्चाचा हिशेब फक्त रोजच्या श्रोत्यांच्या संख्येवर मांडला, तर अशा दिवसांचा त्यात समावेशच होत नाही.

पाचपाखाडी_२१

मी या धाग्यावरील बहुतेकांपेक्षा वयाने लहान असावे. अस्मिता वाहिनी मी आकाशवाणीच्या ॲपवर ऐकते आणि आवाज स्वच्छ असतो. आजीला जे ५५८ वर मिळत होते, ते मला इथे मिळते, आणि पुणे, रत्नागिरी, सांगली ही केंद्रेही मिळतात. मग मध्यम लहरींचा एवढा आग्रह का? मला वाटते आपण वाहिनीविषयी बोलावे, लहरींविषयी नको. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय आला, तेव्हा लोकांनी आवाज उठवला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. तिथे प्रश्न मनोऱ्याचा नव्हता, मराठी बातम्या कोण आणि कुठून देणार याचा होता. तो प्रश्न मला अधिक जवळचा वाटतो.

कळवेकर

पाचपाखाडी_२१ यांच्याशी शब्दशः सहमत.

वाशीकरीण

मला तितकेसे पटत नाही. ॲप शोधून उघडावे लागते, म्हणजे जे हवे ते आधी माहीत असावे लागते. रेडिओ लावून ठेवलेला असे, त्यामुळे मी कधी मागितले नसते असे पुष्कळ माझ्या कानांवर पडले. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, नभोनाट्य, बाळ ज. पंडितांचे मराठीतून क्रिकेटचे समालोचन, शास्त्रीय गायनाची सभा, हे सगळे मी निवडून ऐकलेले नाही. माझी मुलगी जे ऐकते ते उत्तम असते, पण ते सर्व तिने निवडलेले असते.

एक विचारायचे होते. माझ्याकडे रेडिओवरून टेपरेकॉर्डरवर घेतलेल्या काही कॅसेट आहेत. त्यात ‘आपली आवड’ आहे, गावांची आणि श्रोत्यांची नावे वाचून दाखवली आहेत ती धरून. त्या फेकायच्या नाहीत. काय करावे?

लहर_अभियंता

कृपया फेकू नका आणि लगेच वाजवूही नका. आधी कॅसेटला बुरशी नाही ना ते पाहा. फितीवर पांढरी पूड दिसली तर ती वाजवल्याने यंत्रही खराब होते. चांगल्या स्थितीतला डेक मिळवा, त्याचे हेड आणि रबरी रोलर स्पिरिटने पुसून वाळू द्या, आणि फीत एकदा पूर्ण पुढे व पूर्ण मागे गुंडाळून सैल करून घ्या. मग संगणकावर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा दर्जाने, न दाबलेल्या वेव्ह स्वरूपात मुद्रित करा. खरखर काढण्याचा प्रयत्न मूळ प्रतीवर करू नका, त्यासाठी वेगळी प्रत ठेवा. निवेदन, वेळेचा इशारा, मधली शांतता, काहीही कापू नका. केंद्राच्या स्वतःच्या संग्रहात कार्यक्रमाची फीत असू शकते, पण प्रक्षेपित झालेला सलग अर्धा तास, निवेदनासह, सहसा श्रोत्यांच्या कॅसेटमध्येच सापडतो.

हक्काचा भाग लक्षात ठेवा. हे ध्वनिमुद्रण जतन करणे आणि ते इंटरनेटवर सर्वांसाठी चढवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दिवाळे_गावचा

कॅसेटमध्ये कोळीगीतांचा कार्यक्रम कोणाकडे असेल तर मला जरूर कळवावे. आमच्याकडे गाणाऱ्या बायकांची नावे तोंडी माहीत आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणी आता नाहीत. कोणत्या गाण्यात कोणाचा आवाज आहे ते सांगू शकतील अशी माणसे गावात अजून आहेत.

नौपाडेकर

माझ्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. या चर्चेतून माझ्या मतात एक भर पडली. ऐकण्याची सोय गेली, या माझ्या म्हणण्यावर मी ठाम आहे, पण वागळे_इस्टेट यांनी दाखवलेला कारखान्यांचा ऱ्हास आणि कळवेकर यांनी दाखवलेली निर्मात्यांची पोकळी त्याच वर्षांत घडली, हेही तितकेच खरे आहे.

वारशाबद्दल मला दिवाळे_गावचा यांच्या शेवटच्या प्रतिसादात प्रत्यक्ष काम दिसते. ज्यांच्याकडे कॅसेट आहेत त्यांनी इथे तीन गोष्टी लिहाव्यात : कार्यक्रमाचे नाव, अंदाजे वर्ष, आणि फितीची स्थिती. कोळी, आगरी आणि आदिवासी गाण्यांच्या फिती आधी घेऊ, कारण आवाज ओळखणारी माणसे वयस्कर आहेत. चांगल्या स्थितीतला डेक माझ्याकडे आहे. वाशीकरीण, तुमच्या कॅसेट मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि मूळ प्रती तुम्हाला परत आणून देईन.

वागळे_इस्टेट

‘कामगार सभा’, १९८०च्या आगेमागे, एक कॅसेट, थोडी बुरशी आहे. वडिलांच्या हस्ताक्षरात वेष्टनावर गाण्यांची यादी आहे, तिचे छायाचित्र आज रात्री चढवतो.